हलती बाज

आमच्या घरात झोपेचा प्रश्न उभा राहिला तेव्हा सगळ्यांनी तो वडिलांच्या झोपेचा प्रश्न आहे असंच धरलं. आमच्याकडे प्रश्न नेहमी वडिलांच्या नावावर चढतात, शेताचा सातबारा चढतो तसे. त्यात राबतंय कोण हे कुणी बघत नाही. मला मात्र लवकरच कळून चुकलं की झोप गेली आहे ती आईची, आणि ती परत आणायची तर वडिलांचे डोळे आधी मिटवावे लागतील. हे वाक्य वाचायला बरं दिसत नाही, पण त्या दिवसांत मी इतकी वैतागले होते की मला ते अगदी सरळ वाटायचं.

वडील बसचे ड्रायव्हर होते. सगळी हयात लाल गाडीवर गेली. हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा ही त्यांची जुनी लाईन. मधली काही वर्षं सेनगाव आणि गोरेगावकडची. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाळापूरला अगदी रस्त्याला लागून घर बांधलं. लोक म्हणाले धूळ येईल, आवाज येईल. वडील म्हणाले, त्यासाठीच तर बांधलं. मग मागल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना तो हलकाच असणार. डावा हात आणि डावा पाय जडावला, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. बोलणं राहिलं म्हणून आम्ही देवापुढे नारळ फोडला. आईला तो नारळ पुढे फार जड गेला.

कारण घरी आल्यापासून वडिलांची झोप उडाली. दिवसा नाही, रात्री नाही. आणि जागा माणूस एकटा जागा राहत नाही. "ऐकलं काय?" अशी हाक यायची. पाणी दे. उशी सरकव. फाटक लावलं का बघ. आत्ता ही कोणती गाडी गेली, रोजचीच का दुसरी? आई उठायची, पाणी द्यायची, उशी सरकवायची, फाटक बघायची आणि गाडी कोणती होती तेही सांगायची. पुन्हा पाठ टेकते न टेकते तोच "ऐकलं काय?" मी म्हटलं, मी झोपते त्यांच्याजवळ, तू आतल्या खोलीत जा. तसं करून पाहिलं. वडिलांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. "तू नको माय, तुह्या मायला धाड," म्हणाले. मग गावातली एक बाई सोबतीला ठेवली. तिची झोप इतकी गाढ की वडिलांची हाक ऐकून आईच उठायची, आणि जाताना त्या बाईच्या अंगावरचं पांघरूण नीट करून जायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन वडील झोपले नाहीत, नुसते झिंगले, आणि न्हाणीच्या उंबऱ्यात पडले. गोळ्या बंद झाल्या.

पुण्याचा भाऊ फोनवर सल्ले द्यायचा. आईला म्हणावं दुपारी झोपत जा. जणू दुपारी वडील कुठे नोकरीला जात होते. उंटावरून शेळ्या हाकायची सोय फोननं फार चांगली केली आहे.

एका शनिवारी मी हिंगोलीहून घरी आले तर आईच्या मनगटावर केळीचं पान बांधलेलं. भाकरी थापता थापता तिला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात तव्यावर टेकला. शेजारणींना तिनं सांगितलं की तवा फार तापला होता. तवा तापलेलाच असतो. मी तिला म्हटलं, हे असं चाललं तर वडिलांच्या आधी तूच जाशील. आई म्हणाली, "मंग झोपनच की निवांत." आणि हसली. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी अंगणात जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी आईनंच एक गोष्ट काढली. वडिलांना नांदेडच्या दवाखान्यातून जीपनं आणलं तेव्हा वारंगा फाट्यापासून पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. सगळा रस्ता उकरलेला. जीप उधळलेल्या बैलासारखी उड्या मारत होती, आम्ही दोघी दांड्याला लटकून बसलेल्या, आणि वडील मात्र डोळे मिटून शांत पडलेले. घर येईपर्यंत त्यांनी डोळा उघडला नाही.

"त्याइला गाडीतच झोप लागती," आई म्हणाली. "जलम गाडीत गेला. थांबलेल्या बाजंवर कशी लागंल?"

हा सिद्धांत मला एकदम पटला. पटायला नको होता, कारण माझं शिक्षण तसलं आहे की पुराव्याशिवाय काही पटू नये. पण आई इतक्या ठामपणे बोलली, आणि तिच्या मनगटावर ते पान होतं. तिचं म्हणणं, रोज दुपारी जीप करून त्यांना फाट्यापर्यंत फिरवून आणावं. ते शक्य नव्हतं. शिवाय आता तो रस्ता सिमेंटचा झाला आहे, पोटातलं पाणी हलत नाही. मग मी म्हटलं, गाडीत माणूस न्यायचा त्यापेक्षा गाडीच घरात आणू. सरकारनं एवढा खटाटोप करून रस्ता गुळगुळीत केला, आणि आम्ही घरात खड्डे तयार करायला बसलो.

मी हिंगोलीला एका तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवते. यंत्रं म्हणजे फळ्यावरची. त्यात माझा आवडता धडा दांड्यांच्या जोडणीचा. चार दांडे घ्यायचे, टोकाला टोक खिळीनं जोडायचं. सगळ्यात आखूड दांडा मोटरीवर बसतो, तो गोल फिरतो. दुसरा लांब दांडा ते फिरणं पुढे पोचवतो. तिसरा नुसता वर-खाली झुलतो. गोल फिरण्यातून झुलणं निघतं, एवढीच करामत. मुलं दर वर्षी तीन दांडे मोजतात आणि चौथा कुठाय म्हणून विचारतात. चौथा म्हणजे जमीन. तो हलत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. पण त्याच्यावर बाकीचे तिघे उड्या मारतात. हे मी दर वर्षी सांगते, मुलं दर वर्षी परीक्षेत तीनच दांडे काढतात. आणि मी स्वतः आजवर प्रत्यक्ष वापरलेली अशी एकच वस्तू म्हणजे छत्री. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

आता मात्र मला संधी मिळाली. कागदावर चित्र काढलं. खाली लोखंडी अँगलची पक्की चौकट. तिच्यावर मधोमध दोन बेअरिंगांवर तोललेली दुसरी चौकट, तीवर वडिलांची बाज बांधायची. बाज आडवी झुलली तर माणूस खाली पडेल, म्हणून ती उभी झुलवायची, डोक्याकडून पायाकडे, जशी बस खड्ड्यात पुढे वाकते आणि मागे उठते. पायाकडच्या टोकाला खालून लांब दांडा, त्याच्या खाली मोटर, मोटरीवर आखूड दांडा, तीन बोटांएवढा. म्हणजे बाजेचं टोक तीन बोटं वर जाईल, तीन बोटं खाली येईल. मोटर म्हणून भंगारातल्या जीपच्या वायपरची निवडली. ती सावकाश फिरते, दम भरपूर असतो, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालते, म्हणजे वीज गेली तरी झोप जायला नको. आठवडाभर मी त्या चित्रावर इतकी खूष होते की वर्गातसुद्धा कुणावर ओरडले नाही.

वडिलांना मात्र आम्ही काही सांगितलं नाही. आई म्हणाली, सांगितलं तर ते नको म्हणतील, आणि एकदा नको म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणणार नाहीत. ते बाजेवर पडून अंगणातली आमची लगबग बघत राहिले आणि त्यांनीही काही विचारलं नाही. याचंच मला नवल वाटायला हवं होतं.

बाळापूरला फाटकं आणि वखरं-नांगर दुरुस्त करणारा एक वेल्डिंगवाला आहे. त्याच्याकडे काम दिलं. हा माणूस अतिशय आत्मविश्वासाचा. माझा कागद त्यानं उलटा धरून बघितला, मग सुलटा, आणि म्हणाला, समजलं. पुढच्या शनिवारी त्यानं सगळा सांगाडा टेम्पोत घालून आणला आणि अंगणात मांडून दिला. काम मजबूत होतं. एवढं मजबूत की वर बाजेऐवजी ट्रॅक्टर झोपवला असता. मी खाली वाकून मोटर बघितली आणि दांड्याला हात लावून मापलं. आखूड दांडा चांगला वीतभर होता.

मी विचारलं, हे काय केलं, मी तीन बोटं लिहिलं होतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "म्याडम, थोडं मोठं ठिवलं. कमी पडल्यापरीस जास्ती बरं."

आता यावर काय बोलावं? आमच्याकडे कुठलीही गोष्ट बेतानं करणं हा कंजूषपणा समजला जातो. शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा शिवतात, चप्पल एक नंबर मोठी घेतात, भाजी चार माणसांची असली तरी सहाजणांची टाकतात. माझ्या लग्नातला ब्लाऊज अजून मला सैल होतो. त्या हिशोबानं त्यानं माझ्या यंत्रालाही वाढत्या अंगाचा दांडा घातला होता. यंत्र वाढत नाही, ते आहे तेवढंच राहतं, हे मी त्याला समजावू लागले. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "चालवून तं बघा."

चालवून बघणार तोच आई आडवी आली. बाज रिकामी होती. रिकामा पाळणा हलवू नये, असं तिचं म्हणणं. त्यानं लेकराचं पोट दुखतं. मी म्हटलं, हा पाळणा नाही. ती म्हणाली, "मंग काय हाये?" मला एका शब्दात सांगता येईना. आणि तिच्या लेकराचा, म्हणजे माझ्या बापाचा, विषय होता, तिथे पोट दुखण्याची जोखीम ती घेणार नव्हती. शेवटी ओसरीवर यंदाच्या हळदीची पोती पडली होती, त्यातलं एक दोघांनी उचलून बाजेवर निजवलं. आईनं त्याच्याखाली चादरही घातली. वेल्डिंगवाल्यानं तारा जोडल्या.

बाज आधी कण्हली. मग तिचं पायाकडचं टोक उठलं. उठलं ते उठतच राहिलं, म्हैस उठताना आधी मागून उठते तसं, आणि हळदीचं पोतं डोक्याच्या बाजूनं शांतपणे घसरून अंगणात पडलं. तोंड उसवलं, हळकुंडं फाटकापर्यंत गेली. मी धावत जाऊन तार उपटली. आई खाली बसून हळकुंडं वेचायला लागली आणि म्हणाली, बरं झालं रिकामी हलवली नाही. तिला जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं होतं.

ओसरीवर खुर्चीत बसवलेल्या वडिलांनी हे सगळं पाहिलं. ते म्हणाले, "चाळणी लई मोठी झाली." तेव्हा आम्हांला कळलं की त्यांनी काही का विचारलं नव्हतं. आम्ही हळद चाळायचं यंत्र करतोय अशी त्यांची खात्री होती.

दांडा कापून तीन बोटांचा केला. वेल्डिंगवाल्यानं तो स्वतःच्या हातानं कापला, पण चेहरा असा की चांगलं वाढलेलं झाड तोडायला लावलंय. पुन्हा पोतं ठेवलं, तारा जोडल्या, आणि या वेळी बाज चालली. गोड चालली. वर गेली, अलगद थांबली, खाली आली, अलगद थांबली. फळ्यावर मी जे वीस वेळा काढलं असेल ते समोर चालताना बघून मला भरून आलं, हे मी लपवत नाही. मी आईकडे बघितलं. आई हनुवटीला हात लावून उभी.

"हे तं देवाच्या झोक्यावानी हाये," ती म्हणाली. "गाडीला गचके असतात."

म्हणजे मला आता गचका तयार करायचा होता. यंत्रशास्त्रात माणसं जन्मभर सांध्यातली ढिलाई काढायला धडपडतात. खीळ भोकात घट्ट बसावी, कुठे खडखड होऊ नये, यासाठी मोठमोठी पुस्तकं आहेत. मी उलट सांगितलं, या भोकाला मोठं कर, खीळ आत नाचली पाहिजे. वेल्डिंगवाल्याचा चेहरा उजळला. मोठं करा म्हणणारं गिऱ्हाईक त्याला अखेर भेटलं. त्यानं भोक असं मोकळं केलं की बाज वर पोचली की धाड, खाली पोचली की धाड. पोत्याखालची पट्टी कुरकुरली. आई म्हणाली, आता बराबर.

वडिलांच्या आधी माणसावर चाचणी घ्यावी असं ठरलं. शेजारची मावशी स्वतःहून पुढे आली. ती अंगानं वडिलांच्या जोडीची आणि कुठल्याही नव्या गोष्टीवर आधी बसायचा मान तिचाच असतो. ती पदर सावरून आडवी झाली आणि मोटर सुरू केली. थोडा वेळ ती आभाळाकडे बघत होती. मग तिचा रंग उतरला. मग तिनं तोंडाला पदर लावला. आईनं धावत जाऊन लिंबू आणलं. मावशीला नांदेडला जाताना नेहमी गाडी लागते, हे आम्हांला ठाऊक होतं. बाळापुरात, स्वतःच्या शेजारच्या अंगणात, बाजेवर निजून गाडी लागलेली ती पहिलीच बाई असावी. डोळा लागावा म्हणून केलेल्या यंत्रानं गाडी लागली. मराठीत लागणं हे क्रियापद फार बेभरवशाचं आहे.

मी मात्र खूष झाले. कारण मावशी उठून बसली आणि लिंबू चोखत म्हणाली, अगदी बसमधे बसल्यासारखं झालं गं. यंत्राला याहून मोठं प्रमाणपत्र नको होतं.

रविवारी दुपारी सगळा सांगाडा बाहेरच्या खोलीत नेऊन वडिलांना त्या बाजेवर निजवलं. ते म्हणाले, "मला काहून चाळणीवर टाकून राहिले?" आईनं सांगितलं, झोप लागंल. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. मी मोटर सुरू केली. बाज चालायला लागली, धाड, धाड. आई आणि मी भिंतीला टेकून उभ्या, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी उभं राहावं तशा. आईचे डोळे खोल गेलेले, लाल झालेले. तिनं हळूच माझ्या दंडाला धरलं होतं.

वडिलांचे डोळे मिटले नाहीत. उलट ते मोठे झाले. इतके मोठे डोळे मी त्यांचे झटका आल्यापासून पाहिले नव्हते. त्यांनी मान उचलली. मोटर कशाची विचारलं. मी सांगितलं, वायपरची. "माह्या गाडीचा तं कदी चालला न्हाई," म्हणाले. मग त्यांना उठून बसायचं होतं. मी म्हटलं, बाबा, पडून राहा, झोपण्यासाठी आहे हे. ते ऐकेनात. पाठीला लोड लावून बसवलं. मग म्हणाले, भिंतीकडे तोंड करून कुणी बसतं काय? रस्ता दिसला पाहिजे. वेल्डिंगवाल्याला बोलावून तो सगळा दणकट सांगाडा दाराच्या दिशेनं फिरवला. आता दारातून फाटक आणि फाटकातून रस्ता दिसत होता. वडिलांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि मान ताठ केली. बाजूनं एक ट्रक वेगात गेला तर त्याला हळू आवाजात शिवी दिली. मग मला म्हणाले की पुढच्या बाजूला आवाज येतोय, खीळ ढिली आहे, बघून घे.

माझा तोल गेला. मी म्हटलं, खीळ मुद्दाम ढिली केलीय, तुम्हांला झोप लागावी म्हणून; किती दिवस झालेत या बाईचा डोळ्याला डोळा नाही, तिचा हात बघा; त्या जीपमधे फाट्यापासून घरापर्यंत तुम्ही बरे झोपला होता, मग इथे काय झालं?

वडिलांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"कोन झोपलं?" ते म्हणाले. "त्या पोराचं चालवनं बघवंना मला, म्हनून डोळे मिटले. गाडी चालू असताना मी कवा झोपलो व्हय? झोपलो असतो तं तुमी सगळे ऱ्हायले असते काय?"

मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आमच्या दोघींच्या मिळून एवढ्या वर्षांच्या अकलेत ही गोष्ट आली नव्हती. बसमधे झोपतात ते प्रवासी झोपतात, कंडक्टरसुद्धा डुलकी काढतो. त्या माणसानं आयुष्यभर हलत्या जागेवर एकच काम केलं होतं, जागं राहायचं. आणि आम्ही त्याला झोपवायला नेमकी ती जागा घरात बांधली होती. करायला गेलो गणपती. वेल्डिंगवाला दाराशी उभा होता, त्यानं विचारलं, आता भोक अजून मोठं करू का. मी त्याला घरी जायला सांगितलं.

मी पिशवी भरायला आत गेले. सोमवारी तास होते, हिंगोलीची गाडी पकडायची होती. डोक्यात एकच चाललेलं, आता आईचं काय करायचं. दुसरं काही सुचत नव्हतं. भावाला फोन करावा तर तो म्हणणार, दुपारी झोपत जा म्हणावं. इतका वेळ मी चिडलेली होते, आता मला नुसतं रडू यायला लागलं. बाहेर मोटर चालूच होती. बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा आई वडिलांच्या औषधाचं तेल घेऊन बाजेवर बसली होती, त्यांच्या मागे, लोडाच्या बाजूला. रोज या वेळी ती त्यांचा डावा खांदा चोळते. बाज वर गेली, धाड, खाली आली, धाड. तेलाची वाटी तिच्या मांडीवर होती. हात वडिलांच्या खांद्यावर होता, पण चोळत नव्हता. तिचं डोकं हळूहळू लोडाकडे झुकलं. एका गचक्याला ते उचललं गेलं आणि पुन्हा तिथेच जाऊन टेकलं. तोंड थोडं उघडं. बांगड्या गचक्यागणिक वाजत होत्या. मी पुढे जाऊन तिच्या मांडीवरची वाटी काढून घेतली, तरी तिला कळलं नाही.

वडिलांनी मान वळवली नाही. "झोपली नं?" एवढंच विचारलं.

मी हो म्हटलं.

"माह्या गाडीत अशीच झोपायची. मागच्या शीटवर. डबल बेल पडायची देर."

मला वाटलं, आता तिला नीट आडवी करावी, उशी द्यावी, निवांत झोपू द्यावी. मी मोटरीच्या तारेकडे हात नेला.

"बंद करू नको," वडील म्हणाले. आवाज अगदी खाली आणला होता; हा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. "गाडी थांबली की जागी होती ती."

मी हात मागे घेतला. त्यांनी विचारलं, बॅटरी कुठवर पुरेल. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत तरी काही होत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. माझी हिंगोलीची गाडी फाटकासमोरून निघून गेली. ती कोणती होती हे त्यांनी विचारलं नाही.

मी उंबऱ्यावर बसून राहिले. ऊन ओसरीवरून उतरत गेलं. मधे वडिलांना तहान लागली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तांब्याकडे बोट केलं. मी पाणी दिलं. ते त्यांनी सावकाश, आवाज न करता प्यायलं आणि तांब्या माझ्या हातात परत दिला. त्या दुपारी त्यांनी आईला एकदाही हाक मारली नाही.